खालचा डावा, हलतो

मोजणीताईंना खुर्चीत बसलेलं आमच्या ऑपरेशन थिएटरात कुणीच पाहिलेलं नाही. भूल देणाऱ्या मॅडमच्या हाताखाली त्या तंत्रज्ञ आहेत, एकवीस वर्षं झाली. कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक खुर्ची असते, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसते. ताई मात्र ट्रॉली ते मशीन, मशीन ते दार, दार ते पुन्हा ट्रॉली.

हे नाव त्यांना सफाईवाल्या मामांनी दिलं, आणि ताई त्यावर इतक्या वेळा रागावल्या की ते पक्कं झालं.

लग्नाआधी त्या बटणांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. बारा बटणं एका कार्डावर, बारा कार्डं एका डब्यात. पुढे तंत्रज्ञाचा कोर्स केला, इथे लागल्या, पण बोटांची सवय सुटली नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजतात, दोरीवरचे चिमटे मोजतात. झोपण्यापूर्वी सासूबाईंची कवळी वाटीत आहे ना, तेही बघून येतात. सासूबाई म्हणतात, अगं, मीच कुठे जात नाही, तर माझे दात कुठे जाणार?

लहान मुलांच्या ऑपरेशनचा दिवस असला की ताईंची तयारी पहाटेपासून सुरू होते. मुलाची श्वासनळी त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढी. आतून जराशी सुजली तरी हवेची वाट निम्मी होते. शिवाय मोठ्या माणसाला थोडा वेळ हवा मिळाली नाही तर त्याच्याकडे शिल्लक असते, मुलाकडे नसते. म्हणून ट्रॉलीवर श्वासाच्या तीन नळ्या मांडायच्या, एक अंदाजाच्या मापाची, एक अर्ध्या मापाने लहान, एक अर्ध्या मापाने मोठी. तोंडातलं रक्त-लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी स्वतःच्या हातमोज्याला लावून ओढ बघायची. मास्क तीन आकारांचे. सगळं लावून झालं की पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायचा.

याशिवाय त्यांचे स्वतःचे दोन नियम होते, कुठल्याही पुस्तकात नसलेले. पहिला, दातांचं कार्ड. हातमोज्यांचा खोका रिकामा झाला की त्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर त्या दातांच्या दोन कमानी काढत. भूल देण्याआधी मुलाला “बत्तिशी दाखव” म्हणायचं, दिसेल त्या प्रत्येक दाताला एक टिक करायची, हलणाऱ्या दाताभोवती गोल काढायचा. ऑपरेशन संपून नळी निघाली की पुन्हा मोजायचं आणि दुसरी टिक करायची. कारण झोपेत सुटलेला दुधाचा दात बाहेर पडला तर ठीक, आत घसरला तर थेट फुप्फुसाच्या वाटेला लागतो. दुसरा नियम कचऱ्याचा. मूल रडल्याशिवाय थिएटरातली पिशवी बाहेर जायची नाही, आणि प्रत्येक पिशवीवर थिएटरचा नंबर आणि वेळ लिहायची. मामा म्हणत, “तुमच्या राज्यात कचऱ्यालासुद्धा रजेचा अर्ज द्यावा लागतो.”

त्या दिवशी यादीत दुसरा होता सहा वर्षांचा एक मुलगा. टॉन्सिलसाठी आलेला. सोबत आई, बेकरीतली पहाटेची पाळी अर्धी टाकून आलेली, बाहीला अजून पीठ होतं. मुलाच्या मुठीत झाकणाची एक छोटी डबी. आत मागच्या महिन्यात पडलेला एक दात. त्याने तो ताईंना दाखवला आणि जिभेने शेजारचा दात हलवून दाखवला. खालचा डावा. ताईंनी कार्डावर गोल काढला आणि लिहिलं, “खालचा डावा, हलतो.” एकूण एकोणीस.

“झोपेत पडला तर?” त्याने विचारलं.

“पडला तर मी ठेवीन तुझ्यासाठी. मोजून ठेवते मी.”

“एक दात काय मोजायचा?” तो म्हणाला. आई ओशाळून हसली. ताईंनी कार्ड मशीनवर ठेवलं.

भूल चढल्यावर मॅडमनी गॉझमध्ये धरून दात हलवून पाहिला. म्हणाल्या, अजून बराच धरून आहे, ओढला तर उगाच रक्त येईल, राहू दे, पण लक्ष ठेवा. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली, अंदाजाचीच. खालच्या ओठावर चिकटपट्टीने घट्ट बसवली. सर्जन सरांनी अर्ध्या तासात टॉन्सिल काढल्या.

गडबड झाली ती नळी काढताना. मुलाने जागं होता होता नळी करकचून चावली. मॅडमनी ती सोडवून घेतली, ताईंनी पट्टीसकट गुंडाळून कचऱ्यात टाकली, आणि त्याच क्षणी मुलाचा गळा मिटला. छाती वर ओढली जात होती, पण हवा आत जात नव्हती. लहान मुलांत असं होतं, घशात रक्ताचा किंवा लाळेचा थेंब उतरला की स्वरयंत्र मूठ आवळल्यासारखं बंद होतं. मॅडमनी मास्क दाबला, जबडा पुढे ओढून धरला. ऑक्सिजन घटत गेला तसा मॉनिटरचा टिक टिक आवाज एकेक सूर खाली उतरू लागला. आम्ही तो आवाज पोटाने ऐकतो. ताईंनी न विचारता स्नायू सैल करणाऱ्या औषधाची सिरिंज सलाइनला लावून धरली. मॅडम म्हणाल्या, थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. मग मास्कखाली एक कर्कश घरघर, आणि लगेच रडणं. भोकाड पसरणं म्हणतात ते.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामांनी दारातून डोकं आत घातलं, “रडलं ना? नेऊ?” ताईंनी मानेनेच हो म्हटलं. नियमाप्रमाणेच होतं सगळं. कार्ड मात्र मशीनवर पालथं पडलेलं होतं.

पुढचं मूल बाहेर भुकेने किरकिरत होतं. ताईंनी तीन नव्या नळ्या मांडल्या, सक्शन हातमोज्याला लावून पाहिलं, सगळं दोनदा केलं. तरी चैन पडेना. काहीतरी राहिलंय हे हातांना कळत होतं, डोक्याला नाही. नवं कार्ड काढायला गेल्या तेव्हा जुनं हाती आलं. गोल होता, अक्षर त्यांचंच होतं, दुसरी टिक एकाही दातावर नव्हती.

शुद्धीवर येणाऱ्या मुलांच्या खोलीत तो कुशीवर झोपला होता, तोंड उघडं. ताईंनी बॅटरी लावली. अठरा. पुन्हा मोजले. अठराच. हिरडीत एक छोटा लाल खड्डा. आई विचारत होती, काही झालंय का? ताई म्हणाल्या, बघून सांगते, आणि तशाच परत पळाल्या.

“मॅडम, नंतरचे दात मोजायचे राहिले माझे. खालचा डावा नाहीये.”

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी पुढचं ऑपरेशन थांबवलं, जाऊन मुलाच्या दोन्ही बाजूंचा श्वास ऐकला. सारखाच वाटला, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. एक्स-रेचं मशीन दुसऱ्या वॉर्डात अडकलं होतं, वीस मिनिटं लागणार होती. दात आत असेल तर पोराला पुन्हा भूल द्यावी लागणार होती, नुकत्याच मिटून उघडलेल्या त्याच गळ्यातून दुर्बीण घालायला. सक्शनची बाटली गाळून झाली, चादर झटकून झाली. स्वतःची सपात सापडली नाही तरी कधी न वाकणारे सर टेबलाखाली गुडघ्यांवर होते. दात नव्हता. आणि पिशवी गेली होती.

ताई जिना उतरल्या. त्या दिवशी पायऱ्या मोजल्या नाहीत.

मागच्या शेडमध्ये मामा पिवळ्या पिशव्या गाडीत चढवायला निघाले होते. ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. टोमणा मारायला इतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती, पण मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाकीच्या उलटसुलट करून एक बाजूला ओढली. तिच्यावर मार्करने लिहिलं होतं, दोन नंबर, दहा वीस.

“तुमच्या धाकाने लिहितो,” ते म्हणाले. “नाहीतर तुम्ही बसला असतात सगळ्याच उघडत.”

जाड हातमोजे घालून, लांब चिमट्याने, एकेक वस्तू प्लास्टिकच्या कागदावर. रक्ताचे बोळे, हातमोजे, पुन्हा बोळे. तळाशी वळकटी झालेली नळी, तिच्याभोवती स्वतःलाच चिकटलेली पट्टी. ताईंनी पट्टीची घडी हळूहळू सोडवली. आतल्या बाजूला, गोंदात रुतून बसलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.

“एक,” ताई म्हणाल्या आणि शेडच्या उंबरठ्यावर बसल्या. मामा म्हणतात, त्यांना बसलेलं पाहणारा मी एकटा.

मॅडमनी दात अखंड आहे ना हे भिंगाखाली तपासलं, आणि तरीही एक्स-रे काढलाच. छाती स्वच्छ होती. मुलाच्या आईला मी सांगते, असं त्या म्हणाल्या. ताईंनी ऐकलं नाही. स्वतः गेल्या आणि सांगितलं, मोजायचं माझं काम होतं, ते राहिलं, अर्धा तास आम्हाला माहीत नव्हतं तुमच्या मुलाचा दात कुठे आहे.

आईने आधी मुलाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “मगाशी बॅटरी लावलीत तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही. मी इथे बसून नाही नाही ते मनात आणत होते.”

“हो,” ताई म्हणाल्या. एवढंच.

मुलगा जागा होता. घसा दुखत असल्याने बोलत नव्हता. ताईंनी जंतुनाशकाने धुतलेला दात डबीत टाकला. त्याने डबी हलवून आवाज ऐकला, आत डोकावला, मग त्यांच्यासमोर दोन बोटं धरली.

“दोन,” ताईंनी कबूल केलं, आणि निघाल्या. पुढचं मूल अजून उपाशी होतं. नव्या कार्डाला भोक पाडून त्यांनी ते दोऱ्याने गळ्यात अडकवलं. तासाभराने तेही मूल रडलं. मामांनी दारातून डोकं आत घातलं, पण काही विचारलं नाही. ताई कार्डावर दुसरी टिक करत होत्या.