रिजेक्ट, रीवर्क, ओके

"रिजेक्ट."

पुस्तक टेबलावर ठेवायचं, दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायचं आणि एवढाच एक शब्द बोलायचा. नमस्कार नाही, बसणं नाही, काही नाही. शेजारी एखादा नवा वर्गणीदार उभा असला तर तो दचकून स्वतःकडे बघायचा.

नाशिकला, सातपूरच्या कॉलनीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी वाचनालय चालवायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. टीव्ही अजून घराघरांत शिरला नव्हता, त्यामुळे बायकांना दुपारी आणि पुरुषांना पाळी सुटल्यावर वाचायला काहीतरी लागायचं. हे गृहस्थ माझ्या यजमानांच्याच कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होते. मशीनवरून उतरलेला माल मापून बघायचा, बरोबर असेल तर ओके, थोडं घासून सुधारण्यासारखा असेल तर रीवर्क, नाहीतर रिजेक्ट, हे त्यांचं काम. हेच तीन शब्द ते घरी घेऊन यायचे आणि आमटीपासून सरकारपर्यंत सगळ्यांना लावायचे. कॉलनी त्यांना इन्स्पेक्टर म्हणायची. मी भाऊ म्हणायची, आणि ते मला वहिनी. मूळचे देवळ्याचे. शहरात राहून बोलणं बरंचसं सुधारलं होतं, पण चिडले की 'लय' आणि 'नाय' बाहेर पडायचंच.

पुस्तक निवडण्याची त्यांची तऱ्हाही कारखान्यातलीच. पहिलं पान कधी बघायचे नाहीत. मधलंच कुठलंतरी उघडायचे आणि दारात उभ्या उभ्या वाचायचे, लोकांची वाट अडवून.

"अहो, सुरुवातीपासून तरी वाचा," मी एकदा म्हटलं.

"सुरुवात सगळेच चांगली लिहितात, वहिनी. पाटीतला वरचा कांदा कोण सडका ठेवतो?"

तुम्हीही असे वाचणारे पाहिले असतील. पुस्तक वाचून झालं की त्यांना दुसऱ्याला सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. फरक इतकाच, की बाकीचे 'छान आहे' म्हणतात आणि विषय संपवतात. भाऊंना कारण द्यावं लागायचं, आणि कारण असं असायचं की पुढं ते पुस्तक धड वाचताच यायचं नाही.

त्या वर्षी एक ऐतिहासिक कादंबरी फार गाजत होती. तिच्यात एक स्वार निरोप घेऊन रात्रंदिवस घोडा पिटाळत गडावर पोचतो. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. भाऊंनी पुस्तक सरकवलं.

"रीवर्क."

"आता काय झालं?"

"घोड्याला पाणी कुठं पाजलं? एवढी पानं पळतोय बिचारा, स्वाराची छाती काय, भुवया काय, सगळं आहे. घोड्याला थेंब नाय. वाटेत एक ओढा घाला, मी ओके करतो."

मला ती कादंबरी पुन्हा वाचायची होती. वाचली, पण सगळा वेळ ओढाच शोधत बसले.

एका गुलाबी कादंबरीचा नायक सकाळी उठून गच्चीत उभा राहायचा, दुपारी मोटार चालवायचा, संध्याकाळी नायिकेला गाणं म्हणून दाखवायचा. "हा कामाला कधी जातो?" भाऊंनी विचारलं. "कंपनी बंद पडली का ह्याची? रिजेक्ट." एका भयकथेत भूत आलं की बंगल्यातले दिवे जायचे. "वायरमनला बोलवा म्हणावं, भूत आपोआप जाईल." हसावं की त्यांच्या हातातलं पुस्तक हिसकावून घ्यावं, ते कळायचं नाही.

पण एकदा त्यांनी एक पातळशी, कुणी नेत नसलेली कादंबरी परत आणली. एका साध्या बाईची गोष्ट. नवरा गेलेला, पोरं दूर, आणि शेवटच्या पानावर ती गहू निवडत बसते, बस्स. मला तर वाचून जांभया आल्या होत्या. भाऊंनी ती सरकवली नाही, माझ्या हातात दिली.

"ओके," मग म्हणाले. "लेखकानं मारली नाही तिला. मारायला काय लागतं? एक ओळ लिहिली की बाई मेली, वाचणारे रडले. ह्यानं जगवली. जगवायला लय मेहनत लागते."

हळूहळू कॉलनीत पद्धतच पडली. पुस्तक हातात घेतलं की बायका विचारायच्या, "ताई, इन्स्पेक्टरनं हे ओके केलंय का?" मी चिडायची. म्हणायची, "तुम्हाला डोळे नाहीत का गं?" पण खरं सांगायचं तर नवीन खरेदी करताना मीही मनातल्या मनात त्यांचं तोंड बघायची.

आणि मग ती कादंबरी आली.

लिहिणारे गृहस्थ नाशकातलेच, गंगापूर रोडला राहायचे. बँकेतली नोकरी सांभाळून लिहायचे. कादंबरी अशी खपली की माझ्याकडची प्रत कधी कपाटात टेकलीच नाही. त्यातली मुलगी स्वतःच्या पसंतीनं लग्न करते, बाप तिला घराबाहेर काढतो, वर्षानुवर्षं तोंड बघत नाही, आणि शेवटी तिच्याच दारात येऊन प्राण सोडतो. अख्खी कॉलनी रडली. मीही रडले. मला आवडली होती ती कादंबरी, खोटं कशाला बोलू?

भाऊंनी ती चांगली आपटलीच टेबलावर.

"रिजेक्ट. रीवर्क पण नाय. भंगारात घाला."

"का हो? एवढा करुण शेवट..."

"बाप खोटा आहे, वहिनी. पोरीनं असं सांगितलं की बाप आधी घाबरतो. मग ओरडतो. हा नुसता ओरडतोय. घाबरलेला कुठंच दिसत नाय. ह्या लेखकाला पोरगी नसणार."

त्या वेळी खोलीत पाच-सहा बायका होत्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या कॉलनीत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी, रंजना, माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. डी.एड. करून तिला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती. म्हणाली, "काकू, बाबा असं का बोलले हो? आता मी काय करू?"

मला आधी काही उलगडेना. मग कळलं. डी.एड.ला तिच्या वर्गात एक मुलगा होता, आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. मुलाची आई नव्हती, होते ते वडील. आणि वडील म्हणजे हेच लेखक.

"मी परवाच आईला सांगितलंय. बाबांना आज सांगणार आहे. पण त्यांच्या पुस्तकाला बाबा भंगार म्हणाले, हे त्यांच्या कानावर गेलं तर संपलंच, काकू. ते पुस्तकाला फार जपतात. घरात कुणी नावं ठेवली तर जेवत नाहीत."

आता मी काय सांगणार? म्हटलं, "तू आधी घरी तर सांग."

तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी भाऊ वाचनालयात आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. चेहरा उतरलेला. पुस्तक हातात नव्हतंच.

"वहिनी, मुलगा कसा आहे हो? तुम्ही पाहिलाय?"

"नाही. पण रंजना मूर्ख नाही, भाऊ."

"नाय, मूर्ख नाय," ते म्हणाले, आणि बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत बसले. ओरडले मात्र नाहीत.

रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरला. मुलामुलीनं एकमेकांना पाहिलेलंच होतं, पण रीत ती रीत. भाऊंच्या बायकोनं, माईनं, मला मुद्दाम बोलावलं. "ताई, तुम्ही ह्यांच्याजवळ बसा. काही बोलाया लागले की चिमटा काढा." मग नवऱ्याकडे वळून तिनं गावाकडच्या बोलीत बजावलं, "आज तोंड उघडू नका. पोरना सवाल शे." पोरीचा प्रश्न आहे, असं.

लेखकसाहेब आले. मला वाटलं होतं, ऐटबाज असतील. पण माणूस मऊ निघाला. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, बोलताना सारखे चष्म्याला हात लावणारे. पोहे झाले, चहा झाला, मुलगा कुठं नोकरीला, रंजनाची शाळा कुठं, सगळं झालं. आता उठणार, असं वाटलं, तेवढ्यात ते भाऊंकडे वळले.

"तुमच्याबद्दल ऐकलंय मी. तुम्ही पास केल्याशिवाय म्हणे इथं कुणी पुस्तक नेत नाही." हसले. "आमची कादंबरी वाचलीत का?"

माईचा हात कपबशा गोळा करता करता थांबला. रंजना आतल्या दारात उभी होती. मी चिमट्याच्या तयारीत होते, पण चिमटा आता काय कामाचा?

"वाचली," भाऊ म्हणाले.

"मग? मोकळेपणानं सांगा. राग नाही यायचा मला."

राग नाही यायचा, असं म्हणताना त्यांचा कान लाल झाला होता. भाऊंनी एकदा दाराकडे पाहिलं.

"ओके," ते म्हणाले.

लेखकसाहेबांचं एवढ्यावर भागेना. लेखकाचं कधी भागत नाही. "विशेष काय आवडलं?"

भाऊंना खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यामुळे जे ओठांवर होतं तेच त्यांनी उलटं करून सांगितलं.

"बाप," ते म्हणाले. "बाप अगदी खरा उतरलाय."

लेखकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी समोर बसले होते. त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला आणि सुपारी त्याच बैठकीत फुटली.

लग्न थाटात नाही, पण नीट झालं. रंजना सुखात होती, हे आधीच सांगून टाकते. नवरा चांगला, सासरा तर मुलीसारखं वागवायचा. खोट कुठं आली, तर ती दुसरीकडे.

लेखकसाहेब भोळे. पहिल्याच महिन्यात एका कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं, की सातपूरच्या एका कडक वाचकानं माझ्या कादंबरीला ओके म्हटलंय. झालं! कॉलनीला चघळायला विषय मिळाला. पुस्तक बदलायला आलेल्या बायका भाऊंना तोंडावर विचारायच्या, "काय इन्स्पेक्टर, भंगारातनं काढलं का मग?" कुणी म्हणायचं, "व्याह्याचा माल, ओकेच होणार!" चेष्टाच ती, वाईट बुद्धी कुणाची नव्हती. भाऊही हसायचे. पण 'इन्स्पेक्टरनं काय म्हटलंय' हे विचारणं बंद झालं. बायका आपली आपली पुस्तकं निवडू लागल्या.

त्यात लेखकसाहेब दर रविवारी सकाळी बसनं सातपूरला यायचे. पिशवीत नव्या कादंबरीची बाडं. भाऊंना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून ऐकायचे. "हुंडा नाय मागितला त्यांनी," माई मला म्हणायची, "कान मागितले."

भाऊ वाचनालयात येत राहिले. पुस्तकं नेत राहिले. परत करताना मात्र आता नुसतं सरकवायचे. मी वाट बघायची, शब्द यायचा नाही. शेवटी एकदा मी चिडलेच.

"अहो, कसं आहे ते तरी सांगा. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"काय सांगू, वहिनी? कंपनीत एकदा साहेब म्हणाला होता, ऑर्डर मोठी आहे, लॉट जाऊ द्या. मी ओकेचा शिक्का त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, तुम्हीच मारा. नोकरी जायची वेळ आली होती, पण नाय मारला."

"मग इथं का मारलात?"

"इथं दारात पोरगी उभी होती."

"त्याचं वाईट वाटतं?"

"त्याचं नाय वाटत. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन." ते उठले. "पण आता कुठलंही पुस्तक ओके म्हणायला गेलो, की मलाच खरं वाटत नाय."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी उगाच कपाटं पुसत बसले.

पुढं टीव्ही आला, वर्गणीदार गळाले. भाऊ निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत अचानक गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चार दिवसांनी गर्दी ओसरल्यावर मी भेटायला गेले. माई आत पडून होती. बाहेर सतरंजीवर लेखकसाहेब एकटेच बसले होते, खूप म्हातारे दिसत होते.

थोडा वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ते सरकून जवळ आले.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी पोहे खायला होतात. आणि ते तुमच्याशी मोकळं बोलायचे." चष्म्याला हात गेला. "ती कादंबरी त्यांना खरंच आवडली होती का हो? मी रविवारी वाचायचो, ते ओके म्हणायचे. पण मला नेहमी शंका यायची. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता राहिलंच."

रंजना पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होती. ती दारातच थांबली. माझ्याकडे बघत होती.

मी फटकळ बाई. माझ्या तोंडाला कॉलनी घाबरायची.

"आवडली होती तर," मी म्हणाले. "मला मुद्दाम येऊन सांगितलं होतं त्यांनी. बाप अगदी खरा आहे म्हणाले होते."

लेखकसाहेबांनी चष्मा काढला आणि ते डोळे पुसू लागले. रंजनानं तांब्या खाली ठेवला, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, असं माई मला नंतर म्हणाली.