बंद घराची किल्ली

ती घटना आठवली की आजही हात आपोआप जोडले जातात, तेही एका म्हातारीसाठी.

शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव. ऊसतोडीचा हंगाम असल्यानं अर्धं गाव कारखान्यावर, घरांना कुलपं. आमच्याकडे निघताना किल्ली शेजारच्या विश्वासू माणसाकडे देतात. त्या गल्लीतल्या साऱ्या किल्ल्या एका आजीच्या कमरेला. त्यातच तिन्हीसांजेला आभाळात दिवे दिसू लागले. एकामागोमाग एक, रांगेनं, आवाज नाही. "चोरांचे ड्रोन! बंद घरं हेरतात," अशी आवई उठली. पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला बसली. मी तिथला फौजदार. गस्त वाढवली, पण दिवे मी स्वतः पाहिले नव्हते. लोकांना सांगणार काय, कपाळ!

एका संध्याकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लवकर या. एकाला धरलाय, मारत्यात."

पोचलो तर सारी गल्ली एका कुलूपबंद दारासमोर, आणि दारात आजी. धरलेला म्हणजे मिक्सर-कुकर दुरुस्त करत फिरणारा एक परका माणूस, पाटलांनी सांगितलं. पिशवीत रिमोट सापडला, झालं, तोच ड्रोनवाला! पहिल्याच काठीत त्याचं डोकं फुटलं. आजीनं त्याला ओढून त्या बंद घरात ढकललं होतं आणि बाहेरून पुन्हा कुलूप घातलं होतं.

"किल्ली दे, म्हातारे!" पोरं ओरडत होती.

"घर माजं न्हाई. धनी कारखान्यावर हाय, त्याला इचारल्याबिगर उघडू कावून? कुलूप तोडा की. मंग चोर कोण ते आपसूक कळंल."

ज्या कुलपांसाठी पहारा, तीच तोडायची कशी? पोरं जागच्या जागी थांबली होती.

किल्ली तिनं माझ्या हातात दिली. आत तो माणूस डोक्याला रुमाल दाबून बसला होता. रिमोट कशाचा, विचारलं. मांजरसुंब्याच्या एका बाईंनी पोराच्या खेळण्यातल्या गाडीचा दुरुस्तीला दिलेला, म्हणाला. तिथूनच बाईंना फोन लावला. "हो, आमचाच. झाला का दुरुस्त?"

तेवढ्यात बाहेर गलका. "आलं, आलं!" त्याला धरून दारात आणलं. डोक्यावरून दिव्यांची रांग चाललेली.

"माणूस इथं, रिमोट माझ्या खिशात. मग वर कोण चालवतंय बे?" मी विचारलं.

खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. माझी मुलगी विज्ञान शिकवते, तिला फोन करून स्पीकर लावला. "बाबा, ते उपग्रह. नवे सोडले की सुरुवातीला रांगेनं जातात. खाली अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, त्यानं चमकतात." गावात सावली आली तरी डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळतं, तसंच, असं मी समजावलं. तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या. जखमीला दवाखान्यात धाडलं आणि काठी मारणाऱ्यावर गुन्हा नोंदवला.

नोकरीत एवढं शिकलो, की अफवा आमच्या जीपच्या आधी पोचते. आम्ही येईपर्यंत कुणीतरी दारात उभं राहावं लागतं.

पुढे तालुक्यात माझा सत्कार झाला. मिळालेली शाल घेऊन मी थेट आजीकडे गेलो आणि तिच्या पाया पडलो. तिनं शालीची नीट घडी घातली, कमरेची किल्ली काढली आणि तेच बंद घर उघडून शाल आत ठेवली.

"धन्याला देईन, आला की. कुलूप त्याचं व्हतं."