आठ माणसांची गाडी

ती गाडी अजूनही अधूनमधून डोळ्यांसमोर येते. खात्यात तीस वर्षं काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. आता ती प्रकरणं एकमेकांत मिसळून गेली आहेत. ही साधी गाडीचोरी मात्र जशीच्या तशी आठवते. तिच्यात माझी चांगली शोभा झाली होती, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण शेवटी सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी नेवासे तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. मुलांची शाळा मोडायला नको म्हणून बायको आणि दोन्ही मुलं साताऱ्याला ठेवली होती. दिवसभर ठाण्यात माणसांची रीघ असे, पण संध्याकाळी क्वार्टरवर आलं की खानावळीचा डबा आणि मी. रविवार तर खायला उठायचा. हे मी तेव्हा कुणापाशी बोललो नाही. फौजदाराला करमत नाही, हे गावाला कळलं तर दरारा कसला राहणार?

माझ्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या सोडून एक निवृत्त हेडमास्तर राहत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा भिलाईला, मुलगी इंदूरला. एक दिवस ते ठाण्यात आले, समोरच्या बाकावर नीट बसले आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, काम आहे, पण पोलिसी नाही. मला गाडी घ्यायची आहे. जुनीच, पण मोठी. मे महिन्यात सगळी येतील. मुलाकडची चार, मुलीकडची तीन आणि मी. सगळ्यांना एका गाडीत घालून भंडारदऱ्याला न्यायचंय."

"गुरुजी, त्यापेक्षा टॅक्सी करा. चार दिवसांसाठी गाडी कशाला पोसता?"

"टॅक्सी चार दिवसांनी निघून जाते," ते म्हणाले.

त्यांनी गाडी हेरूनही ठेवली होती. घोडेगावच्या बाजारातला एक बैलांचा दलाल त्या वर्षी जुन्या गाड्यांत शिरला होता. चाऱ्याअभावी जनावरं मातीमोल झालेली, मग तो तरी काय करणार? त्याच्याकडे एक स्टेशन वॅगन आली होती, मागे लांब डबा असलेली, फिकट निळी. पुढच्या रविवारी आम्ही दोघं ती पाहायला गेलो. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर उपकार म्हणून गेलो नव्हतो. माझा रविवार जावा म्हणून गेलो होतो.

गाडीतलं मला थोडंफार कळत असे. आधी बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री केली. विकणारा आधीच तापवून ठेवतो आणि मग गाडी एका झटक्यात सुरू होते. धूर पाहिला, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातं. टायर एका बाजूनं झिजलेत का ते पाहिलं, चटया उचलून पत्रा सडलाय का ते पाहिलं. या गाडीचे भाग नगरला मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, तेही विचारलं. पुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या पट्टीशी आकडा न् आकडा जुळवला. तिसरा गिअर जरा अडत होता, तेवढंच.

"सहा माणसांना ठीक आहे," मी म्हणालो.

"आठ बसतात," गुरुजी म्हणाले. त्यांनी मागची सीट उघडून पाहिली होती. "दोन लहानगी मागच्या डब्यात. आठ आरामात बसतात."

"सहा."

"आठ, फौजदारसाहेब."

दलालानं सवयीप्रमाणे उपरण्याखाली गुरुजींचा हात धरून बोटं दाबायला सुरुवात केली. गुरुजींना ती बोटांची भाषा येईना, म्हणून शेवटी सौदा तोंडी ठरला. मग दलालानं किल्लीला असलेली चामड्याची पट्टी सोडवून खिशात टाकली आणि नुसती किल्ली पुढे धरली. "दोरी तुमची लावा, गुरुजी," तो म्हणाला. गुरुजींनी पिशवीच्या तोंडाचा लाल नाडा काढून किल्लीला बांधला. मला गंमत वाटली. मी हसलोसुद्धा.

गुरुजी साठीत गाडी शिकले. एसटीचा एक निवृत्त ड्रायव्हर त्यांना रोज सकाळी नगर रस्त्याला नेई. गाव गालातल्या गालात हसलं, पण गुरुजी शिकले. रोज गाडी पुसायची आणि फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं, असा त्यांचा नेम झाला.

दोन-अडीच महिन्यांनी भर दुपारी फाट्यावरचा मोटार मिस्त्री ठाण्यात आला. हात पुसत दारातच उभा राहिला.

"साहेब, गुरुजींची गाडी ऑइल बदलायला आल्ती. नंबराची पट्टी जुनी हाय, पर तिचे रिव्हेट नवेकोरे हायेत. पट्टी काढून दुसरी बसवलीय कुनीतरी. तुमीच गाडी बघून दिली म्हनं, म्हनून म्हटलं आदी तुमाला सांगावं."

माझं तोंड पडलं. नंबर मी जुळवला होता, पण ती पट्टी कशानं ठोकलीय ते पाहिलं नव्हतं. चोराला एवढंच पाहिजे असतं, की पोलिसानं कागद बघावा.

पंचनामा करून गाडी जप्त केली. गुरुजींनी स्वतः ती ठाण्याच्या आवारात आणून लावली आणि हँडब्रेक ओढला. त्यांचा जबाब मीच घेतला. वापराचा पुरावा लागतो, म्हणून रिवाजाप्रमाणे विचारलं, "गाडी घेतल्यापासून तिच्यात कोण कोण बसलं?"

त्यांनी जरा विचार केला. "मी. शिकवायला येत होते ते ड्रायव्हर. आणि तुम्ही, घ्यायच्या दिवशी."

मी लिहून घेतलं. लिहिताना मान वर केली नाही.

दलालाला आणला. तो घाग निघाला. त्याचं एकच पालुपद, "म्या मधला मानूस, साहेब. एका ड्रायवरनं आनून दिली, कागद बघूनच घेतली हुती. त्यो ड्रायवर पुन्हा दिसला न्हाई." दोन दिवस तो दरडावण्याला बधला नाही. माझा हवालदार म्हणाला, जरा हात दाखवू का? मी नको म्हणालो. मारलं की माणूस सांगतो, पण आपल्याला हवं ते सांगतो. खरं तेच सांगेल असं नाही.

तिसऱ्या दिवशी मी चौकशीचा नाद सोडला आणि त्याच्यासमोर बसून माझा डबा उघडला. अर्धी भाकरी त्याला दिली आणि बैलांबद्दल विचारलं. गडी खुलला. बैल कुठल्या पायानं उठतो यावरून त्याची कमर कशी ओळखायची, दात कानशीनं घासून वय कसं लपवतात, सगळं रंगून सांगू लागला. एवढे बैल दावणीवरून गेले, वाईट नाही का वाटत, असं मी सहज म्हणालो.

"वाटतंय की. म्हनून तर दावं देत न्हाई आमी. जनावर द्यावं, पर त्याचं दावं देऊ न्हाई, साहेब. दावं दिलं की गोठ्याची लक्षुमी जाती. माज्या बापानं बी कदी दिलं न्हाई."

माझा घास हातातच राहिला. ती चामड्याची पट्टी मला लख्ख दिसली. माझ्या देखत त्यानं ती खिशात घातली होती आणि मी हसलो होतो.

तासाभरात पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. गोठ्यात जनावर औषधालाही नव्हतं. भिंतीत ओळीनं खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला एकेक दावं, काही त्याच्या बापाच्या वेळची असतील. शेवटच्या खिळ्यावर ती पट्टी होती. तिला पितळी बिल्ला होता आणि बिल्ल्यावर येवल्यातल्या एका कापडदुकानाचं नाव कोरलेलं होतं. दलालाला वाचता येत नव्हतं. आलं असतं तर त्यानं बिल्ला विहिरीत टाकला असता. दावं मात्र तरीही ठेवलं असतं, असं मला वाटतं.

पट्टी समोर ठेवल्यावर तो खाली बसला आणि सगळं सांगितलं. भंगारातल्या तशाच गाडीची नंबराची पट्टी आणि पुस्तक त्यानं मिळवलं होतं. गाडी नाशिकला एका धर्मशाळेच्या बाहेरून उचललेली होती. येवल्याला ट्रंककॉल लावला. व्यापाऱ्याकडे गाडीची मूळ बिलं होती, इंजिन नंबर जुळला. मुद्देमाल आणि आरोपी दोन्ही हाती आले. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

खटला मात्र रेंगाळला आणि गाडी आवारात लिंबाखाली उभी राहिली. चार दिवसांनी सकाळी पाहतो तर गुरुजी बादली आणि फडकं घेऊन हजर. "धूळ बसते," म्हणाले. आठवड्यातून दोनदा ते इंजिन चालू करून पाच मिनिटं स्टिअरिंगपाशी बसत, बॅटरी उतरू नये म्हणून. मुद्देमालाला असा हात लावायचा नसतो. मी डायरीत नोंद केली नाही आणि कुणाला करूही दिली नाही. पुढे पुढे सकाळचा चहा घेऊन मीही शेजारच्या सीटवर जाऊन बसू लागलो. दलालाच्या दाव्यांची गोष्ट मी त्यांना तिथंच सांगितली. समोर ठाण्याची भिंत असे.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "मुलांची पत्रं आली. यंदा जमत नाही म्हणतात. दोघांनाही."

"गाडीचं असं झालं म्हणून असेल, गुरुजी."

"गाडी गेल्याचं मी त्यांना कळवलंच नव्हतं," ते म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

मे महिन्यात कोर्टानं गाडी मूळ मालकाच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. व्यापारी एकटा आला नाही. म्हातारी आई, बायको आणि पाच मुलं, सगळा काफिला एसटीतून उतरला. गाडी घेऊन तसंच शिंगणापूरला जायचं होतं. मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि किल्ली गुरुजींच्या हाती दिली. द्यायची तर त्यांनीच द्यावी. त्यांनी सावकाश गाठ सोडली, लाल नाडा आपल्या खिशात ठेवला आणि नुसती किल्ली व्यापाऱ्याला दिली. "तिसरा गिअर अडतो. क्लच पूर्ण दाबून मग टाका," असंही सांगितलं.

पोरं मागच्या डब्यात घुसली. म्हातारीला खिडकीची जागा मिळाली. दारं धडाधड लागली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. गुरुजी रस्त्याकडे बघत होते.

"आठ बसली, फौजदारसाहेब," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना?"

मी "हो" म्हणालो. पुढे दलालाला शिक्षा झाली, गुरुजींची थोडी रक्कमही वसूल झाली. पण त्यांनी पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

लोक मला विचारतात, जुनी गाडी घेताना काय बघावं? मी धूर, टायर, पत्रा, रिव्हेट, सगळं सांगतो. मग विचारतो, बसणार कोण? त्या रविवारी हा प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारला तो जबाबात, आणि तोही रिवाज म्हणून. खरं तर तो मला स्वतःलाही विचारायला हवा होता. जूनमध्ये मी साताऱ्याहून बायकामुलांना घेऊन आलो. शाळा साधीच मिळाली, बायको वर्षभर कुरकुरली, पण त्यानंतर कुठल्याही ठाण्यात मी एकटा राहिलो नाही.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गुरुजींकडे गेलो. त्यांनी चहा केला. दाराशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता आणि त्याला तो लाल नाडा अडकवलेला होता. त्यांनी माझी नजर पाहिली.

"दावं देऊ नये म्हणतात," ते म्हणाले.

मी चहा संपेपर्यंत बसलो. मग घरी निघालो. बायकामुलं माझी वाट बघत होती.