गॅलरीतली सही

समोरच्या गॅलरीत वाळत घातलेला जुना टी-शर्ट वाऱ्याने फुगला, आणि कुणीतरी पळत सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या पाठीवर विटलेली निळी सही होती. वैशालीची, आमच्या कॉलेजच्या खो-खो संघाच्या कर्णधाराची. एका दुकानदाराकडून पैसे घेऊन तिने टी-शर्टांवर सह्या केल्या, म्हणून शिस्त समितीने तिला संघातून काढलं. त्या समितीत मी होतो.

"सर, प्रवेशाच्या फ्लेक्सवर तर माझाच फोटो लावलाय तुम्ही," ती त्या दिवशी समितीसमोर म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून मी काढून टाकल्याचं पत्र सहीसाठी पुढे सरकवलं. तिने सही केली.

तो फ्लेक्स पुढे वर्षभर गेटवर होता.

टी-शर्टावरची शाई विटली. पत्रावरच्या, आम्ही फुकट घेतलेल्या सहीची मला अजून ओलीच दिसते.