डाळ माझ्याच हातून सांडली होती

संघमित्रानं मला लिहायला लावलं. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईचं लिखाण पेपरच्या पुरवणीत येत असेल, तर त्याचं श्रेय तिचं. माझी नोकरी टिकली ती तिच्यामुळे, आणि नोकरी टिकली म्हणून माझी पोरगी बारावीपर्यंत शिकली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील... सहा आठवड्यांपूर्वी ती गेली. वय एकतीस. आमच्या खारपाण पट्ट्यात, खाऱ्या पाण्यापायी, किडनीचा आजार कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच, तो तिच्याही घरी आला. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी सकाळची कणीक मळत होते. "मावशी, मितू गेली," एवढंच तो म्हणाला. घरी तिला सगळे मितूच म्हणत. मी कणकेचे हात तसेच घेऊन मेसमागच्या ओट्यावर जाऊन बसले.

मी वरवट बकालची. लग्नानंतर नवऱ्यासोबत, रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र लागते अशा दूरच्या हिंदी मुलखातल्या शहरात आले आणि तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहात, मेसच्या ठेकेदाराकडे पोळ्या लाटायला लागले. तिथली मुलं इतिहास, भाषा, समाजशास्त्र असं काही शिकतात. शिकतात कमी आणि भांडतात जास्त, असं मला सुरुवातीला वाटायचं. भिंतीवर पोस्टर, झाडाखाली भाषण, जेवताना वाद. वादात पोळी गार करायची आणि मग गरम मागायची! मी कुणाशी बोलत नसे. माझी हिंदी ऐकून मुली गालात हसत. एकदा मी फोनवर बहिणीवर चिडले होते, "मले काऊन सांगून राह्यली? त्याले सांग ना!" रांगेतली एक चष्मेवाली पोरगी ताट घेऊन तिथंच थांबली.

"मावशी, कोन्या गावची वो तू?"

"वरवट बकाल."

"मी सोनाळ्याची! मंग पोळी कच्ची काऊन देऊन राह्यली? तालुक्याचं नाव खराब करशीन."

ती संघमित्रा. त्या शहरात आल्यापासून दोन वर्षांत मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

मग आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. सुटीत मेस बंद राहील अशी नोटीस लागली. प्रबंध लिहिणारी, घर लांब असलेली किंवा घरी जाऊन करायचं काय अशी मुलं जेवणार कुठं? मुलांनी स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं. तुम्ही बंद करा, आम्ही रांधतो. आम्हा कामगारांना आत जायची मनाई होती. पण त्यांची ती कणीक मला खिडकीतून बघवेना, आणि मी गेले. काय गंमत होती तिथं! डाळीत मीठ किती, यावर हात वर करून मतदान झालं. हरलेल्यांनी ताटात वरून मीठ घ्यावं, असा ठराव झाला. मितू मला म्हणाली, "मावशी, तू बी हात वर कर. तुलेच तं समजते."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि ती डाळीचा मोठा गंज, ते भलंमोठं पातेलं, उतरवत होतो. एक कडा माझ्या हातात, एक तिच्या. माझा पाय घसरला. डाळ माझ्या पायावर आली आणि तिच्या मनगटावरही. ती स्वतःचा हात विसरून माझ्या पायावर पाणी ओतत होती. तिनंच मला दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी ठेकेदाराच्या माणसानं एक इंग्रजी कागद पुढं केला. आम्ही रोजच कुठल्या ना कुठल्या कागदावर सही करायचो, हजेरी, रजा, साबणाच्या वड्या... मी विचारलं नाही. मराठीत पूर्ण नाव लिहून सही ठोकली. काय लिहिलं होतं, ते मला चौकशी समितीपुढं कळलं. संघमित्रानं कामगार बाईला ढकललं आणि अंगावर गरम डाळ ओतली, असं. समितीच्या मॅडमनी ते हिंदीत वाचून दाखवलं आणि विचारलं, "दस्तख़त आपके हैं?" दाराशी ठेकेदाराचा माणूस उभा होता. माझ्या पोरीचं नाव नुकतंच तिथल्या शाळेत पाचवीत घातलं होतं. मी म्हटलं, "जी." "और जो लिखा है, वह सच है?" मी दाराकडं पाहिलं. तेवढ्यात मितू म्हणाली, "मॅडम, इनको रहने दीजिए. मुझे कुछ नहीं कहना." पट्टी बांधलेला हात तिनं ओढणीखाली घेतला होता. तो भाजलेला हात तिनं नुसता वर करून दाखवला असता, तरी पुरलं असतं...

एक वर्षाचं निलंबन झालं. बाहेर आल्यावर ती मला फक्त एवढंच म्हणाली, "पाय सुकला का वो?"

त्या दिवाळीला मी मान खाली घालून सोनाळ्याला गेले. तिची आई अंगणात तूर निवडत होती. "आई, हे मही मेसवाली मावशी. इनं मले पोसलं," मितूनं ओळख करून दिली. आई चहा ठेवायला आत गेली आणि मला रडू फुटलं.

"रडतं काऊन? खरं सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर असती तू. मी तं आईच्या हातचं खाऊन राह्यली."

"तुह्या आईले तरी सांग."

"मी नाई सांगत. तुहं भेव सरन तवा तूच सांगजो." आणि जाताना म्हणाली, "फोन नको करत जाऊ. लिहून पाठव. एक पान."

मी लिहायला लागले ती अशी. माझ्या पानावर ती प्रश्न लिहून परत पाठवायची. मग काय झालं? कोण काय म्हणालं? वर्षानंतर ती परत आली, एम.ए. झाली. पण नोकरीच्या प्रत्येक अर्जात विचारत, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? ती 'हो' लिहायची. शेवटपर्यंत घराजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. त्यावरून मला कधी एका शब्दानं बोलली नाही.

ती गेल्यावर मी सोनाळ्याला गेले. आईनं तिची फाईल आणून माझ्या मांडीवर ठेवली. सर्टिफिकिटांमध्ये तो निलंबनाचा कागदही होता, कुणाकडून तरी वाचून घेतलेला. "बाई, तू तं तिथंच होती. मही मितू कोनाच्या अंगावर गरम डाळ टाकीन का वो?" मी म्हटलं, "नाई, आई." एवढंच. त्यांच्या घरी जेवले आणि गाडीत बसले.

गेल्या रविवारी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. मग त्या म्हणाल्या, "तिच्या मनगटावरचा डाग मी रोज पाह्यला. इचारलं तं म्हने, चहा सांडला... तुले शिवी देऊ का काय करू, मले समजून नाई राह्यलं. आधी लिहून दे. सही कर. मंग ये."

विद्यापीठाच्या नावानं अर्ज लिहिला आहे, की डाळ माझ्याच हातून सांडली, मितूनं मला ढकललं नव्हतं. मेसमधल्या एका मुलीनं त्याचं इंग्रजी केलं, आणि मी तिच्याकडून ते दोनदा हिंदीत समजून घेतलं. त्या चौकशीपासून मी वाचून घेतल्याशिवाय कशावरच सही करत नाही. हजेरीवरसुद्धा नाही. "आंटी, साबुन का काग़ज़ है, पूरी कथा सुनोगी क्या?" ठेकेदाराचा माणूस वैतागतो. मी म्हणते, "हाँ, पूरी."

याच महिन्यात ठेका नव्यानं होणार आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, त्याची यादी निघेल. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण इथं लिहिलं म्हणजे आता माघार नाही. मितू, मी तो अर्ज माझ्या हातानं ऑफिसात देईन. शिक्का मारलेली पोच घेईन, ती सोनाळ्याला नेऊन तुझ्या आईच्या हातात ठेवीन. मग त्या चहा देवोत की शिवी, तुमच्या अंगणात बसून घेईन.