निळा चौकडा

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला पार्सलच्या गोदामात हजेरी. अकरापर्यंत पट्ट्यावरून येणारी खोकी पत्त्याप्रमाणे वेगळी करायची. आत जाताना फोन कपाटात ठेवून कुलूप लावायचं, सुटताना घ्यायचा. मध्ये गेट उघडत नसे.

ही माझी सून. मी कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो. कोण किती राबतं ते मला सांगावं लागत नाही. ती राबायची.

अकरानंतर तिचं खरं काम. स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत तिने टेबल लावलं होतं. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीच्या विटा लागत. ती खुर्चीत बसली की दार उघडत नसे. बाहेर यायचं तर आधी खुर्ची टेबलावर चढवायची. तिथे बसून तिने एकटीने शिंप्यांसाठी एक अ‍ॅप बनवलं. गिऱ्हाइकाची मापं चिठ्ठीवर न लिहिता फोनमध्ये ठेवायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी तिने ऑफिसातली नोकरी सोडली. मुलगा बाहेरगावी असतो. दोघांचं ठरलं होतं, वर्ष संपेपर्यंत लोक अ‍ॅप वापरायला लागले तर ठीक, नाहीतर परत ऑफिस.

शिंपी अ‍ॅप घ्यायचे, एकदा उघडायचे आणि सोडून द्यायचे. का, ते कुणी सांगेना. ती फोन करून विचारायची, "कसं वाटलं?" उत्तर ठरलेलं. छान आहे.

आमच्या हिनेही पाच तारे दिले होते.

"आई, तुम्ही शिवणकाम करत नाही."

"म्हणून काय झालं? घरचं आहे. चार देऊ का?"

कोपऱ्यावरचे टेलर मास्तर तर रोज म्हणायचे, "एकदम छान, पोरी." आणि मापं चिठ्ठीवर लिहायचे.

वर्ष संपायला दोन महिने उरले, तेव्हा एका दुपारी ती खुर्ची चढवून बाहेर आली.

"बाबा, छान या शब्दाचा मला वीट आलाय."

"आमच्याकडे भोक पाडलं की इन्स्पेक्टर त्याला 'कसं वाटतंय' असं विचारत नसे," मी म्हणालो. "दोन टोकांचा गेज. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. संपलं. तू विचारतेस म्हणून लोक बरं बोलतात. विचारू नकोस. मास्तरांजवळ बस आणि बघ. तोंड उघडलंस तर दिवस फुकट गेला."

"काहीच बोलायचं नाही?"

"शिंक आली तर शिंक."

मास्तरांनी आठवडाभर मापं फोनवर घ्यायचं कबूल केलं. ती दुपारी शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसायची. पहिल्याच गिऱ्हाइकाला मास्तर अडले. अ‍ॅप आधी नाव मागत होतं. मास्तरांनी चाळीस वर्षांत कुणाचं नाव विचारलेलं नव्हतं. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीला कापडाचा एक तुकडा टाचलेला असे. माणूस त्यावरून ओळखायचा. समोर जाडा गृहस्थ उभा, हातात शर्टाचं कापड. मास्तरांनी खडू लागलेलं बोट पँटला पुसलं आणि नावाच्या जागी लिहिलं, 'निळा चौकडा'. नावाने शोधायची सोय करायला तिने चार महिने घातले होते. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी एक काटकुळा आला. कापड पुन्हा निळ्या चौकड्याचं, फक्त चौकडा बारीक. मास्तरांनी पुन्हा तेच नाव लिहिलं. फोनने काहीतरी विचारलं, मास्तरांनी 'हो' दाबलं. तिने ते पाहिलं, पण वहीत लिहीत होती, 'नाव नको, कापड हवं.' घरी आली ती खुशीत.

"बाबा, सापडलं."

"मी काय म्हणालो होतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला गोदामाच्या पट्ट्यावर दोन खोकी लागोपाठ आली. नाव एकच, पत्ते वेगळे. तिचे हात थांबले. तिच्या अ‍ॅपमध्ये एक नाव म्हणजे एक माणूस. फोनने विचारलं होतं, 'जुनी मापं बदलू का?' काटकुळ्याच्या मापांखाली जाड्याची मापं पुसली गेली होती, आणि मास्तर कापड बेततात सकाळी नऊला. फोन कपाटात. गेट बंद. मुकादम म्हणाला, "अकराला." उरलेले चार तास ती खोकी वेगळी करत राहिली. एकही चुकीच्या पत्त्याला गेलं नाही. मी नंतर मुद्दाम विचारलं.

अकरा वाजून गेल्यावर ती धापा टाकत दुकानात शिरली तेव्हा मी तिथेच होतो, पँटची उसवलेली शिवण घेऊन. जाड्याचं कापड मास्तरांनी माझ्या डोळ्यांदेखत बेतलं होतं. मला काय कळणार? तिने सांगितलं. मास्तरांनी टेप काढला, छातीचा तुकडा मोजला आणि कात्री खाली ठेवली.

"पोरी, तुझं हे अ‍ॅप भंगार आहे."

मग ते थांबेचनात. अक्षरं मुंगीएवढी. एका हातात टेप असताना दोन अंगठ्यांनी लिहायचं कसं? नाव कशाला, मी काय जनगणना करतो? ती उभ्याउभ्या लिहीत होती आणि मध्येच म्हणत होती, "आणखी?"

"इतके दिवस का नाही बोललात?" मी मास्तरांना विचारलं.

"तुमच्या घरची पोर. तोंडावर कसं बोलायचं? आता कापड गेलं, आता बोलतो."

रस्त्यात ती म्हणाली, "काल मास्तरांनी 'हो' दाबलं ते मी बघितलं होतं, बाबा. तेव्हाच विचारलं असतं तर कळलं असतं. पण तुम्ही बोलू नको म्हणालात."

लेथवर लावलेला जॉब बिघडला तर तुकडा कारखान्याचा. हे कापड दुसऱ्याचं होतं.

चार महिन्यांचं काम तिने काढून टाकलं. आता अ‍ॅप आधी कापडाचा फोटो मागतं. मास्तर कुरकुरत वापरतात, छान म्हणत नाहीत. बाकीचे शिंपी वापरतील की नाही, माहीत नाही. वर्ष संपायला तीन आठवडे आहेत आणि ती अजून खुर्ची चढवूनच बाहेर येते.

गोदामाच्या मजुरीतून ती दुसरीकडे बसायला जागा घेणार होती, जिथे दार नुसतं ढकललं की उघडतं. ते राहिलं. त्या मजुरीतून आलं अडीच मीटर कापड. निळा चौकडा, मोठा, त्या जाड्या गृहस्थाच्या शर्टासाठी.