आनंदीबाईंची उलटतपासणी

कौशल्या सूर्यवंशी औशाहून पुण्याला आली ती नर्सिंग शिकायला. पुढे कोथरूडमधल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी लागली आणि तिथल्या मोठ्या सिस्टर आनंदीबाईंनी तिला धाकट्या बहिणीसारखं सांभाळलं. शीर कशी शोधायची इथपासून रडणाऱ्या नातेवाइकांशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. भाड्याची खोली मिळेपर्यंत ती त्यांच्याच खडकीच्या घरी राहिली.

एकदा रुग्णालयात एक बाळंतीण दगावली. डॉक्टर वेळेवर आलेच नव्हते; पण 'आले होते असं सांगा' असा निरोप कौशल्याला आला. तिनं नातेवाइकांना खरं ते सांगून टाकलं. नोकरी गेली.

"तोंड सांभाळता येत नाही तर वकील तरी हो," आनंदीबाई चिडून म्हणाल्या.

कौशल्यानं ते मनावर घेतलं. दवाखाने नुकतेच ग्राहक कायद्याखाली आले होते. सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारनंतर घरोघरी रुग्णसेवा करत तिनं सनद मिळवली. कागदावरची औषधं तिला वाचता यायची, त्यामुळे लोक शोधत यायला लागले. लग्नाचं राहूनच गेलं.

मग श्रद्धा आली. बिबवेवाडीची, पंचविशीतली मुलगी. तिचा नवरा योगेश हिंजवडीत आयटीत होता. अपेंडिक्सच्या साध्या ऑपरेशनसाठी चालत गेला आणि भुलीतून बाहेर आलाच नाही. रुग्णालय तेच, कौशल्याचं जुनं.

"मला फक्त काय झालं ते कळू दे, मॅडम," श्रद्धा म्हणाली. "कुणी धड सांगतच नाही."

रुग्णालयानं ग्राहक मंचात सांगितलं, की भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ पेशंटजवळ होते. साक्षीदार म्हणून नाव दिलं आनंदीबाईंचं.

त्या साक्षीला तयार का झाल्या, हे कौशल्याला ठाऊक होतं. आनंदीबाईंचे यजमान संपतराव पिंपरीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ त्यांना अर्धांगवायू झाला. त्यांचे उपचार याच रुग्णालयात फुकट चालत, आणि निवृत्तीचं वय उलटूनही आनंदीबाईंना कामावर ठेवलं होतं. कौशल्यानं श्रद्धाला सगळं सांगितलं आणि दुसरा वकील बघायला सुचवलं. श्रद्धा म्हणाली, "दोघांनी आधीच नाही म्हटलंय."

साक्षीच्या दिवशी आनंदीबाई इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत आल्या. कौशल्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टर हजर होते, पेशंट शुद्धीवर आला होता, नंतर अचानक बिघडलं, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

कौशल्या उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, "योगेशनं स्वतःचं नाव सांगितलं होतं का, बाई?"

भुलीतून बाहेर येणारा पेशंट आपलं नाव सांगेपर्यंत त्याच्यापासून हलायचं नाही, हा आनंदीबाईंचा नेम होता. तो त्यांनी कौशल्याच्या अंगी बाणवला होता.

आनंदीबाईंनी कठडा धरला.

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी विचारत होते. सारखी विचारत होते. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलला निघून गेले होते. फोन केले. कुणी आलं नाही. मी त्याचा हात धरून होते हो. त्याचे ओठ निळे पडत होते आणि मी नाव विचारत होते."

मागच्या बाकावर श्रद्धानं तोंडात पदर कोंबला.

निकाल श्रद्धाच्या बाजूनं लागला. रुग्णालयानं वर अपील केलं. पण आनंदीबाईंची नोकरी साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती आणि संपतरावांचे उपचारही थांबले होते. कौशल्यानं त्यांना ससूनमध्ये न्यायची खटपट केली. आनंदीबाईंनी तिचा फोन घेतला नाही. पावसाळा सरता सरता संपतराव गेल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं.

काही दिवसांनी श्रद्धा म्हणाली, "मला त्या बाईंना भेटायचंय. शेवटी ह्यांच्याजवळ त्याच होत्या."

दोघी खडकीला गेल्या. आनंदीबाईंनी दार उघडलं. किती वाळल्या होत्या! श्रद्धाला त्यांनी लगेच ओळखलं. "ये, बाळा," म्हणाल्या. मग कौशल्याकडे वळल्या.

"तू तुझं काम केलंस. चुकलं असं मी म्हणत नाही," त्यांचा आवाज शांत होता. "पण तुला बघितलं की मला हे आठवतात. तू आत येऊ नकोस."

"बरं, बाई," कौशल्या म्हणाली.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. दार लोटलेलं होतं. आतून आधी श्रद्धाचं रडणं ऐकू आलं, मग आनंदीबाईंचं. मधूनच आनंदीबाई काहीतरी सांगत होत्या, हळू आवाजात, कौशल्याला कधीकाळी सांगत तशाच. वरच्या मजल्यावरची बाई जिना चढून आली, तिला बघून थबकली.

"कोण हवंय?"

"कुणी नाही," कौशल्या म्हणाली आणि तिला जायला वाट मिळावी म्हणून भिंतीला सरकून बसली.